विस्मरण की श्रवणऱ्हास?

घरातील वयोवृद्धांविषयी काही वाक्ये सर्रास बोलली जातात. 'बाबांना सांगितलेले लक्षात राहत नाही.' 'आईला विचारावे एक, ती उत्तर देते दुसरेच.' 'चारचौघांत बसतात, पण लक्ष कुठे असते कोण जाणे.' बोलणाऱ्याच्या मनात तोवर निदानही झालेले असते : वय झाले, बुद्धी पूर्वीसारखी चालत नाही. कित्येकदा हे निदान चुकलेले असते. सांगितलेली गोष्ट ती व्यक्ती विसरलेली नसते. ती तिच्यापर्यंत नीट पोहोचलेलीच नसते. वार्धक्यातील श्रवणऱ्हास इतक्या संथपणे येतो की तो ज्याला होतो त्यालाही वर्षानुवर्षे उमगत नाही, आणि भोवतालच्या माणसांना तो कानाचा दोष न वाटता स्वभावाचा किंवा स्मरणशक्तीचा दोष वाटतो.

गोव्याला हा प्रश्न इतर अनेक राज्यांपेक्षा अधिक जवळचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील साठ वर्षे व त्यावरील नागरिकांचे प्रमाण ११.२ टक्के होते, केरळच्या १२.६ टक्क्यांखालोखाल देशात ते सर्वाधिक होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांना कमीअधिक प्रमाणात ऐकू कमी येते आणि त्यांपैकी सुमारे ४३ कोटींना उपचाराची अथवा पुनर्वसनाची गरज आहे. येथे विचार करायचा आहे तो उतारवयात हळूहळू येणाऱ्या श्रवणऱ्हासाचा. जन्मतः बधिर असलेल्या आणि खुणांच्या भाषेत वाढलेल्या व्यक्तींचा प्रश्न सर्वस्वी निराळा आहे. त्यांची भाषा परिपूर्ण असते आणि पुढील विवेचन त्यांना लागू होत नाही.

आवाज येतो, शब्द येत नाही

अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी नलिका असते. ध्वनीच्या कंपनांचे मज्जातंतूंना समजणाऱ्या संदेशांत रूपांतर करणाऱ्या केशपेशी तिच्या अस्तरात असतात. एका कानात त्यांची संख्या साधारण पंधरा हजार असते. जन्मतः मिळालेला हा साठा आयुष्यभर पुरवावा लागतो, कारण माणसाच्या कानात नष्ट झालेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. नलिकेच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे ध्वनी टिपतात आणि वयाची झीज प्रथम तेथेच होते. दीर्घकाळ गोंगाटात काम केलेल्यांत, तसेच जेंटामायसिन किंवा सिस्प्लॅटिन यांसारखी औषधे घ्यावी लागलेल्यांत हीच झीज लवकर आणि जास्त दिसते.

बोलण्यातील स्वर खालच्या पट्टीचे आणि भरदार असतात. क, ख, त, थ, ट, ठ, प, फ, स, श ही अघोष व्यंजने मात्र क्षीण असतात आणि त्यांची ओळख पटवणारा अंश बव्हंशी उंच पट्टीत असतो. श्रवणऱ्हासात स्वर शाबूत राहतात आणि व्यंजने गळतात. त्यामुळे 'पाट', 'पाठ', 'काठ', 'ताट' आणि 'थाट' या पाच शब्दांत ऐकणाऱ्याच्या वाट्याला खात्रीने येतो तो फक्त मधला 'आ'. 'सात'मधला 'स' गळला की 'आठ' ऐकू येण्यास वेळ लागत नाही. औषध किती दिवस घ्यायचे हे सांगताना हा फरक लहान नसतो. 'मला आवाज येतो, पण लोक स्पष्ट बोलत नाहीत' ही अशा व्यक्तींची नेहमीची तक्रार त्यांच्या अनुभवाशी प्रामाणिक असते. त्यांना लोक खरोखरच पुटपुटल्यासारखे वाटतात.

गणेश चतुर्थीची आरती हे याचे उत्तम उदाहरण ठरेल. घुमटाचा खर्जातील नाद अशा कानांना नीट पोहोचतो. गायले जाणारे शब्द धूसर होतात. झांजेचा आवाज मात्र सुईसारखा टोचतो. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला मोठ्या आवाजाचा त्रास व्हावा हे घरच्यांना ढोंग वाटते. प्रत्यक्षात केशपेशी घटल्या की ऐकू न येणारा आवाज आणि असह्य होणारा आवाज यांमधील अंतरच आक्रसते. म्हणून 'काय म्हणालास?' असे विचारणारे आजोबा दुसऱ्याच क्षणी 'ओरडतोस कशाला?' असे म्हणतात. दोन्ही वेळा ते खरे बोलत असतात.

ओठांच्या हालचालींचा आधार बहुतेकजण नकळत घेतात, पण त्यालाही मर्यादा आहेत. प, ब, म हे तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात. क, ख, ग तर घशाजवळ उच्चारले जात असल्याने दिसतच नाहीत. कोरोनाच्या काळात मुखपट्टीने हा आधारही काढून घेतला, आणि तोवर 'आपले ठीक चालले आहे' असे मानणाऱ्या अनेकांना आपण किती पाहून ऐकत होतो, याची पहिली जाणीव तेव्हा झाली.

ऐकण्याचा भार मेंदूवर

गळलेली व्यंजने मेंदू संदर्भावरून भरून काढतो. विषय ठाऊक असेल, बोलणारा परिचित असेल, तर हे काम इतक्या सफाईने होते की काही गळले होते हेच लक्षात येत नाही. परंतु हे भरणे फुकट होत नाही. वाक्याचा तिसरा शब्द काय असावा, याचा शोध चालू असताना चौथा आणि पाचवा शब्द येऊन गेलेले असतात. ते सगळे क्षणभर धरून ठेवायचे, मग मागे जाऊन जुळवायचे, आणि तोवर समोरच्याने दुसरे वाक्य सुरू केलेले असते. जी स्मृती आणि जे अवधान अर्थ लावण्यासाठी आणि आशय साठवण्यासाठी लागते, तेच निव्वळ शब्द ओळखण्यात खर्ची पडते.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक रॅबिट यांनी १९६८ मध्ये हे एका साध्या प्रयोगातून दाखवले. त्यांनी लोकांना अंकांची यादी ऐकवली. यादीचा पूर्वार्ध सर्वांना स्वच्छ ऐकू येत होता. उत्तरार्ध काहींना स्वच्छ, तर काहींना खरखरीसह ऐकवला. ज्यांना उत्तरार्धात खरखर होती त्यांना पूर्वार्धातील, म्हणजे स्वच्छ ऐकलेले अंकसुद्धा कमी आठवले. पुढचे ऐकण्यासाठी कष्ट पडू लागले की आधीचे, नीट ऐकलेलेही निसटते. 'मघाशी सांगितलेले कसे विसरलात?' या प्रश्नाचे एक उत्तर या प्रयोगात आहे.

हे कष्ट दिवसभर साठत जातात. लग्नसमारंभातून किंवा जत्रेहून परतलेली वृद्ध व्यक्ती गप्प होते, खोलीत जाऊन पडते. त्यात घरच्यांना रुसवा दिसतो, असतो तो थकवा. सकाळी व्यवस्थित संवाद करणारा माणूस संध्याकाळी 'भलतेच' बोलू लागतो, यातही पुष्कळदा कानांपेक्षा शिणलेल्या अवधानाचा वाटा मोठा असतो.

गोव्यासारख्या बहुभाषिक राज्यात या भारात आणखी एका गोष्टीची भर पडते. संदर्भावरून शब्द हेरण्याची क्षमता आपल्या सर्वांत जवळच्या भाषेत सर्वाधिक असते. घरी कोकणी, देवळात आणि वर्तमानपत्रात मराठी, बँकेच्या खिडकीवर इंग्रजी किंवा हिंदी, असा ज्यांचा दिवस जातो त्यांना उतारवयात सगळ्या भाषांची अडचण एकदम जाणवत नाही. आधी हातातून सुटते ती उशिरा शिकलेली भाषा. मग 'त्यांना आता हिंदी समजत नाही' असा निष्कर्ष निघतो. भाषा विसरलेली नसते. अपुऱ्या ध्वनीवरून ती ओळखण्याइतका सराव त्या भाषेत नसतो, एवढेच.

स्मृतिभ्रंशाशी नाते

श्रवणऱ्हास आणि स्मृतिभ्रंश यांच्या संबंधाकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले ते विशेषतः २०११ मध्ये. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे फ्रँक लिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाल्टिमोर येथील दीर्घकालीन पाहणीतील ६३९ व्यक्तींची माहिती तपासली. आरंभी यांपैकी कोणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. सुमारे बारा वर्षांच्या काळात, ज्यांचे ऐकणे सामान्य होते त्यांच्या तुलनेत सौम्य श्रवणऱ्हास असलेल्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट, मध्यम असलेल्यांत तिप्पट आणि तीव्र असलेल्यांत जवळपास पाचपट आढळला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ पासून स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत श्रवणऱ्हासाचा समावेश केला आहे. २०२४ च्या अहवालात अशी १४ कारणे असून ती सर्व दूर झाल्यास सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा अंदाज आहे. त्यात श्रवणऱ्हासाचा वाटा ७ टक्के धरला आहे.

हे आकडे अलीकडे श्रवणयंत्रांच्या जाहिरातींत वापरले जाऊ लागले आहेत, म्हणून त्यांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. ७ टक्के हा संपूर्ण लोकसंख्येचा हिशेब आहे, एखाद्या व्यक्तीच्या नशिबाचा नव्हे. ऐकू कमी येणाऱ्या बहुसंख्य लोकांना स्मृतिभ्रंश होत नाही. शिवाय दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी होते असे सिद्ध होत नाही. रक्तवाहिन्यांच्या आजारासारखे एकच मूळ कारण कान आणि मेंदू या दोहोंना पोखरत असू शकेल. सततच्या ताणाने मेंदूची राखीव क्षमता खर्च होत असेल, ध्वनींचा ओघ आटल्याने मेंदूचे संबंधित भाग दुबळे होत असतील, किंवा संवाद तुटल्याने येणारा एकाकीपणा घात करत असेल. संशोधकांत या सर्व शक्यतांची चर्चा आहे आणि त्या एकमेकींना छेद देणाऱ्याही नाहीत.

श्रवणयंत्राने खरोखर फरक पडतो का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ व्यक्तींवर तीन वर्षांची चाचणी झाली. निम्म्यांना श्रवणयंत्रे आणि समुपदेशन मिळाले, उरलेल्यांना सर्वसाधारण आरोग्यशिक्षण. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष दुहेरी होता. सर्व सहभागींचा एकत्र विचार करता दोन गटांच्या बौद्धिक घसरणीत लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र हृदयविकाराविषयीच्या एका जुन्या पाहणीतून आलेल्या, तुलनेने अधिक वयाच्या आणि ज्यांना मुळातच धोका अधिक होता अशा सहभागींत ही घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. श्रवणयंत्र हे स्मृतिभ्रंशावरील औषध आहे असे यावरून म्हणता येत नाही. ज्यांना धोका अधिक त्यांनी कानांकडे दुर्लक्ष करू नये, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

माझ्या मते याहून निकडीचा मुद्दा चाचणीच्या खोलीत आहे. स्मरणशक्तीच्या रूढ चाचण्या बहुतांश तोंडी असतात. तीन शब्द सांगायचे आणि थोड्या वेळाने विचारायचे. शंभरातून सात-सात वजा करायला लावायचे. ज्याला ते तीन शब्दच धड ऐकू आले नाहीत, त्याचे गुण कमी येणारच. अशा गुणांवरून 'स्मृतिभ्रंशाची सुरुवात' असा शेरा बसला की घरातील त्या व्यक्तीचे स्थानच पालटते. बँकेचे व्यवहार काढून घेतले जातात, जमिनीच्या कागदांविषयी तिला विचारणे थांबते, डॉक्टरही तिच्याऐवजी मुलाशी बोलू लागतात. म्हणून अशी चाचणी होण्याआधी कानांतील मळ तपासून घ्यावा, श्रवणचाचणी करून घ्यावी, श्रवणयंत्र असल्यास ते लावूनच बसावे, आणि प्रश्न ऐकू आला का हे तपासणाऱ्याने विचारावे असा आग्रह धरावा. दोन्ही विकार एकाच व्यक्तीत असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे. अशा वेळी तर श्रवणऱ्हास दूर करणे अधिकच आवश्यक ठरते, कारण ती व्यक्ती 'मला ऐकू येत नाही' असे स्वतः सांगू शकेलच असे नाही.

माणसांतून उठून जाणे

ऐकू कमी येते हे लपवण्याची धडपड फार जुनी आहे. बीथोव्हेनने १८०२ मध्ये व्हिएन्नाजवळील हायलिगेनश्टाट येथून आपल्या भावांना लिहिलेले, पण कधीच न पाठवलेले पत्र त्याच्या मृत्यूनंतर सापडले. लोक आपल्याला हट्टी आणि माणूसघाणा समजतात, परंतु 'मला ऐकू येत नाही, मोठ्याने बोला' असे सांगणे आपल्याला अशक्य होते, अशी व्यथा त्यात आहे. तेव्हा तो जेमतेम एकतीस वर्षांचा होता. १८१८ पासून त्याच्याशी बोलणारे आपले म्हणणे वह्यांत लिहून दाखवू लागले. त्यांतील शंभराहून अधिक वह्या आजही उपलब्ध आहेत.

लपवण्याच्या रीती आजही त्याच आहेत. सर्व हसले की हसायचे. 'हो, हो' म्हणून मान डोलवायची. दुसऱ्याला बोलू न देता आपणच बोलत राहायचे, म्हणजे ऐकावे लागत नाही. आणि शेवटी जाणेच बंद करायचे : भजनाला, नाटकाला, ग्रामसभेला. आपल्या रंगभूमीने बहिऱ्या पात्राच्या चुकीच्या उत्तरांवर पिढ्यान्‌पिढ्या हशा वसूल केला आहे. दृष्टी अधू झालेल्याला चष्मा लावण्याची लाज वाटत नाही आणि कानामागे यंत्र लावण्याची वाटते, याचे मूळ थोडेफार त्या हशात असावे.

दूरध्वनी हा बोलण्याचा सर्वांत कठीण प्रकार ठरतो. ओठ दिसत नाहीत आणि पारंपरिक दूरध्वनी साधारण ३४०० हर्ट्झपर्यंतचेच ध्वनी वाहून नेत असे, त्यामुळे 'स', 'श' यांचा बराचसा भाग तारेतच गळायचा. परदेशी असलेल्या मुलांशी बोलताना चित्रसंवाद अधिक सोयीचा वाटतो तो याच कारणाने. पावसाळ्यात पत्र्याच्या छपरावर सरी कोसळत असताना, स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्या देत असताना, दूरदर्शन चालू ठेवून दुसऱ्या खोलीतून विचारलेला प्रश्न ऐकू जाईल ही अपेक्षाच चुकीची आहे. समोर येऊन, चेहऱ्यावर प्रकाश पडेल असे बसून, किंचित सावकाश बोलावे. ओरडू नये : ओरडल्याने स्वर वाढतात, गळणारी व्यंजने तशीच राहतात. तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदलावेत, आणि विषय बदलला की तसे सांगावे. 'जाऊ दे, काही महत्त्वाचे नाही' हे उत्तर मात्र कधीही देऊ नये. वारंवार तेच ऐकावे लागलेला माणूस विचारणे सोडून देतो.

कायद्याची मोजपट्टी आणि उपाय

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेली व्यक्ती 'ऐकण्यास अडचण असलेली' आणि ७० डेसिबल व त्याहून अधिक ऱ्हास असलेली 'बधिर' मानली जाते. जागतिक आरोग्य संघटना मात्र चांगल्या कानात ३५ डेसिबलपेक्षा जास्त ऱ्हास झाला की पुनर्वसनाची गरज मानते. या दोन रेषांमध्ये सापडणारे बहुसंख्य वृद्ध कायद्याच्या लेखी धडधाकट असतात. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्राची तरतूद आहे, तिची चौकशी अवश्य करावी.

तपासणीची सुरुवात कान-नाक-घसातज्ज्ञाकडून व्हावी, दुकानातून नव्हे. नुसता साचलेला मळ किंवा फुटलेला कानाचा पडदाही कारण असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. आपल्या दमट हवेत कानात बुरशी होणे सामान्य आहे. अशा वा वाहत्या कानात तेल घालण्याचा घरगुती उपाय नुकसानच करतो. एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासे झाले तर ती तातडीची बाब समजावी. त्यावरील औषधे लवकर सुरू झाली तरच उपयोगी पडण्याची शक्यता असते, आठवडाभर 'बघू' म्हणत थांबणे महागात पडते.

वयोपरत्वे येणाऱ्या ऱ्हासावर मुख्य साधन श्रवणयंत्र हेच आहे. तेही अपुरे पडेल इतका तीव्र ऱ्हास असल्यास कॉक्लियर इम्प्लांट या शस्त्रक्रियेचा विचार होतो. श्रवणयंत्र चष्म्यासारखे लावताक्षणी सर्व काही पूर्ववत करत नाही. वर्षानुवर्षे न ऐकलेले आवाज, म्हणजे भांड्यांचा खणखणाट, वर्तमानपत्राची सळसळ, स्वतःची पावले, एकदम अंगावर येतात. त्यांकडे दुर्लक्ष करण्यास मेंदूला पुन्हा शिकावे लागते आणि त्यासाठी काही आठवडे ते काही महिने लागतात. पहिल्या पंधरवड्यात कंटाळून यंत्र कपाटात जाते ते या कारणाने. आरंभी शांत घरात एकाच माणसाशी बोलताना, रोज थोडे तास वापरावे, मग वेळ वाढवावा. श्रवणतज्ज्ञाकडे दोन-तीनदा जाऊन यंत्राची जुळवणी बदलून घेणे हा उपचाराचाच भाग असतो. विकत घेतानाच या फेऱ्यांचे काय, हे विचारून घ्यावे. जून ते सप्टेंबर या काळात दमटपणाने यंत्र बिघडते, म्हणून रात्री बॅटरीचे झाकण उघडे ठेवून ते सिलिका जेल असलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे. झिंक-एअर प्रकारच्या बॅटरीवरील चिकटपट्टी काढल्यावर ती मिनिटभर हवेत राहू द्यावी आणि मगच बसवावी. ती हवेतील प्राणवायूवर चालते आणि घाईने बंद केल्यास पुरेशी शक्ती देत नाही.